मदत हवी आहे : पुस्तकांची मांडणी आणि स्केटिंगमधल्या उड्या
सध्या संध्याकाळी घरातली पुस्तके लावण्याचे काम चालू असते आणि समोर फिगर स्केटिंगच्या स्पर्धा. विषयवार मांडणी जमत आली आहे, परंतु भिंतीला टेकलेल्या जुन्या दिवाळी अंकांना पावसाळ्यात ओल लागली असून कसरीने त्यांच्या कडाही कुरतडल्या आहेत. हे अंक बांधून घ्यावेत, की भिंतीपासून अंतर राखून मोकळेच ठेवावेत? डांबराच्या गोळ्यांऐवजी वेखंड वापरणाऱ्यांनी आपला अनुभव अवश्य सांगावा.

स्केटिंगबाबतही एक शंका आहे. अ‍ॅक्सल ही उडी पुढे तोंड करून घेतात, म्हणून ती चटकन ओळखू येते. मात्र लुट्झ ही उडी बुटाखालच्या पात्याच्या बाहेरच्या कडेवरून आणि फ्लिप ही उडी आतल्या कडेवरून घेतात हे माहीत असूनही, एवढ्या वेगात ती कड नेमकी कशी टिपावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.