साधे सॉफ्टवेअर म्हणजे नक्की कोणासाठी साधे?

खाडीकाठ (रत्नागिरी)

देवगडच्या एका वेब डेव्हलपरांनी काल येथे लिहिले की, आंब्याच्या पेट्यांची मागणी नोंदवणारे संकेतस्थळ त्यांनी कोणतेही फ्रेमवर्क (संकेतस्थळाचा तयार सांगाडा) न घेता पीएचपी या भाषेत आणि एसक्यूलाइटवर, म्हणजे एकाच फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसवर, उभे केले, नऊ हंगामांत त्यातील एक ओळही बदलावी लागली नाही, आणि ज्यांना रिॲक्ट या तयार साधनाशिवाय पान बांधता येत नाही त्यांनी स्वतःला डेव्हलपर म्हणवून घेऊ नये. शेवटचे वाक्य नसते तर मी गप्प बसलो असतो.

मालवणकडच्या एका न्याहारी निवासाचे असेच 'साधे' संकेतस्थळ माझ्याकडे दुरुस्तीला आले. लिहिणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला होता. एकच फाइल, तीत चार हजार ओळी, आणि खोलीचे भाडे तीन वेगवेगळ्या ठिकाणी काढलेले. १८ जुलै २०२२ पासून हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरही बारा टक्के जीएसटी लागू झाला, तेव्हा मी दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि तिसरे मला सापडलेच नाही. दोन महिने पावत्या चुकीच्या गेल्या आणि फरक मालकिणीने पदरचा भरला. त्या मुलाच्या दृष्टीने ते सॉफ्टवेअर साधेच होते, कारण ते सगळे त्याच्या डोक्यात होते. फ्रेमवर्क घेतले असते तर निदान भाड्याचा हिशेब कोठे शोधायचा, हे तरी कळले असते.

आणि नऊ वर्षे एक ओळही बदलली नसेल, तर तुमच्या सर्व्हरवर पीएचपी कोणती आहे? ७.४ या आवृत्तीची सुरक्षा दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबली. नऊ पावसाळे न शाकारलेल्या घराचे कौतुक आपल्याकडे कोणी करत नाही.

देवगडचा डेव्हलपर

'एक ओळही नाही' हे सैल लिहिले गेले, हे मान्य. पीएचपी ८ मध्ये each() ही आज्ञा काढून टाकली, तेव्हा मला दोन ओळी बदलाव्या लागल्या. नऊ वर्षांत दोन. या गुन्ह्याबद्दल आपण म्हणाल ते प्रायश्चित्त घेईन.

परंतु आपण सांगितलेली गोष्ट वाईट कोडची आहे, साध्या कोडची नव्हे. एकच हिशेब तीन ठिकाणी लिहिणारा मुलगा रिॲक्टमध्ये तो सात ठिकाणी लिहील. मार्च २०१६ मध्ये एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार कोडच्या सामाईक कोठारातून, लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि बॅबेल या बहुवापराच्या साधनासकट कितीतरी प्रकल्पांची बांधणी थांबली. डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरण्याचे काम परक्याच्या दारात कशाला न्यायचे?

शिवाय आमच्या बागा सड्यावर आहेत. तेथे रेंज आलीच तर एक दांडी येते. माझे पान १४ केबीचे आहे, म्हणून ते तेथे उघडते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर वीज आणि नेट दोन्ही गेले, तेव्हा आदल्या रात्री लॅपटॉपवर उतरवून ठेवलेली एसक्यूलाइटची फाइल उघडून कोणाच्या किती पेट्या द्यायच्या राहिल्या आहेत, याची यादी मी इन्व्हर्टरवर काढली. हे आपल्या फ्रेमवर्कने करून दाखवावे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

दोघेही महत्त्वाचे सोडून बोलत आहात. या साधेपणात पहिला बळी मराठीचा जातो. गेल्या हंगामात देवगडकरांच्या याच आंब्याच्या संकेतस्थळावर मी मराठीतून नाव भरले, तर पेटीवरच्या चिठ्ठीत ते अर्धेच आले. कारण उघड आहे: लांबी मोजणारी strlen() ही आज्ञा अक्षरे नव्हे, बाइट (साठवणीचे एकक) मोजते आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे तीस बाइटांच्या मर्यादेत मराठी माणसाची दहाच चिन्हे मावतात. माझ्या बहिणीने पत्ता 'मिऱ्या' असा दिला होता, तर बागेतल्या माणसाला तो संकेतस्थळावर शोधून सापडेना. मागणीचा निरोप आला तोही रोमन लिपीत. आपले फळ विकताना आपल्या भाषेची लाज का वाटावी?

देवगडचा डेव्हलपर

लाजेचा प्रश्न नाही, पैशाचा आहे. रोमन एसएमएसमध्ये १६० अक्षरे बसतात, देवनागरीत ७०. तोच निरोप मराठीत पाठवला की दोन-तीन एसएमएसचे पैसे पडतात, आणि ते माझ्या नव्हे, बागायतदाराच्या खिशातून जातात. हा निर्णय त्याने घेतला. भाषाप्रेम दुसऱ्याच्या खर्चाने करणे फार सोपे असते.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

पंधराशेची पेटी विकणाऱ्याला आणखी एका एसएमएसचे पैसे जड होतात, हे मला आज कळले. आणि अर्धे नावही बागायतदारानेच ठरवले होते काय? एखादी लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) घेतली असती, तर 'मिऱ्या'ही सापडला असता.

खाडीकाठ (रत्नागिरी)

येथे मला नाइलाजाने देवगडकरांची बाजू घ्यावी लागते. त्या नावातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु युनिकोडच्या प्रमाणीकरणातही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याच्या ठरलेल्या नियमांतही, ते एक होत नाहीत, म्हणजे त्याच्या भरवशावरची लायब्ररीही येथे अडते. तो नियम आपल्यालाच लिहावा लागतो. strlen() ची चूक मात्र अक्षम्य आहे.

हापूसवाला (देवगडजवळ)

मी बागायतदार आहे. ज्यांचा उल्लेख झाला ते नव्हे. मलाही अशाच एका सज्जनांनी असेच साधे संकेतस्थळ करून दिले आहे. पेटीचा भाव दररोज सकाळी बदलतो आणि तो बदलण्यासाठी मला त्यांना फोन करावा लागतो, कारण भाव कोडमध्ये लिहिलेला आहे. ते लग्नाला गेले होते तेव्हा दोन दिवस मी जुन्या भावाने विकले. आता मी पुन्हा वही आणि व्हॉट्सॲप वापरतो. तुम्ही दोघे कोणाच्या सोयीबद्दल भांडत आहात?

देवगडचा डेव्हलपर

माझ्या संकेतस्थळात भाव बदलण्याचे पान आहे. तिसऱ्या हंगामात घातले. म्हणजे दोन ओळींचा हिशेबही चुकला. खाडीकाठांनी हसून घ्यावे.

नावाची मर्यादा काल बाइटांऐवजी चिन्हे मोजणाऱ्या mb_strlen() वर नेली आणि 'मिऱ्या'ची दोन्ही रूपे एकच धरणाऱ्या तीन ओळी घातल्या. पॅकेज एकही घेतलेले नाही. एसएमएस मात्र बागायतदार सांगेपर्यंत रोमनमध्येच जाईल.

खाडीकाठ (रत्नागिरी)

त्या तीन ओळी कशासाठी आहेत, हे फाइलीत लिहून ठेवले आहे का?

देवगडचा डेव्हलपर

नाही. आज लिहितो.