गुलाबी, चुण्यांचा सुती ड्रेस: कापड किती, चुण्या किती, वर काय घालायचं?

गुलबक्षी:
डिसेंबरात घरचं लग्न आहे. फिकट गुलाबी, भरपूर चुण्यांचा, पोटरीपर्यंतचा ड्रेस शिवून घ्यायचाय. पॉलिएस्टर नको, आणि एका दिवसापुरताही नको. पुढे ऑफिसला घालता आला पाहिजे. उंची 5 फूट 1 इंच, छाती 36. चुण्यांनी अंग फुगल्यासारखं दिसेल अशी भीती वाटते. कापड कुठलं आणि किती घेऊ? जुनी सुती साडी वापरली तर?

धावदोरा:
अंग फुगलेलं दिसतं ते कापड कडक असलं किंवा चुण्या नको तिथे आल्या की. मलमल घ्या. अंगठा आणि बोटात चिमटून बघा: चुण्या खाली पडल्या तर कापड योग्य, पंख्यासारख्या उभ्या राहिल्या तर नको. जाड खादीला दीडपटीपेक्षा (म्हणजे ज्या कडेला जोडायचं तिच्या दीडपट कापडापेक्षा) जास्त चुण्या देऊ नका. मलमल अडीचपटही सहज पेलते.

तुमच्या उंचीला तीन थर नकोत, दोनच ठेवा, आणि खालचा थर लांब ठेवा. थर सारखे असले की उंची तुकड्यांत कापल्यासारखी दिसते. योक (छातीवरचा सपाट, बिनचुण्यांचा भाग) खांद्यापासून 13 इंच, वरचा थर 13, खालचा 18. एकूण 44.

योकचा खालचा घेर 38 धरला तर वरच्या थराला 66 इंच आणि खालच्याला 132. पन्ना (कापडाची रुंदी) 44 असेल तर वरच्या थराला दीड पन्ना लागतो, खालच्याला तीन. शिलाई, दुमड, योक आणि बाह्या धरून सव्वातीन मीटर होतं. मलमल आटते, म्हणून साडेतीन मीटर घ्या आणि कापायच्या आधी धुऊन वाळवा. वरच्या थरातून उरलेल्या अर्ध्या पन्न्यात खिसे निघतात.

योकच्या शिवणीत दोन्ही बगलांखाली दोन-दोन इंच कापड सपाट ठेवा, चुण्या पुढे-मागे मधोमध घ्या. एवढ्यानेच बाजू सपाट बसतात.

साडी नक्की वापरा. पण आधी ती उजेडासमोर धरा आणि निऱ्यांचा भाग, टाचेजवळची कड, फॉलच्या टाक्यांची रांग दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघा. तिथे धागे सरकले तर तो भाग बाद. पदराकडची बाजू बहुतेक धड असते. खालचा थर काठासकट लांबीत कापला तर 132 इंचांची पट्टी बिनजोड निघते, आणि काठच खालची दुमड होतो. लांबीत कापल्यावर चुण्या किंचित उभ्या राहतात, पण वापरून मऊ झालेल्या साडीत ते जाणवत नाही.

आता टेलरला आवर्जून सांगायचं ते. चुण्यांसाठी एकच धावटीप मारली की ती ओढताना तुटते आणि चुण्या एका बाजूला गोळा होतात. दोन टिपा हव्यात: कडेपासून पाव इंचावर आणि पाऊण इंचावर, टाका लांब, मशीनच्या वरच्या दोऱ्याचा ताण सैल. बॉबिनचे दोन्ही दोरे एकत्र ओढायचे. 132 इंचांची टीप सलग मारू नये, चार तुकड्यांत मारावी. दोन्ही कडांचे आठ-आठ भाग करून टाचण्या लावाव्यात, म्हणजे भर सगळीकडे सारखी वाटली जाते. पक्की शिलाई दोन टिपांच्या मधोमध, अर्ध्या इंचावर, चुण्यांची बाजू वर ठेवून. मग पाऊण इंचावरची टीप उसवायची. योकच्या शिवणीत आतून सुती पट्टी घ्या, नाहीतर घेराच्या वजनाने शिवण हळूहळू लोंबते. इस्त्रीचं टोक खालून चुण्यांत शिरवावं. वरून दाबली की चुण्या मेल्याच.

गुलबक्षी:
फार उपयोगी! रंगीत मलमल घेऊ की पांढरी घेऊन घरी रंगवू? बीट चालेल का?

रंगरेज:
बीट नको. त्याचा रंग सुतावर टिकत नाही, दोन-चार धुण्यांत कापड मळकट पिवळं दिसतं. करडईच्या फुलांचा गुलाबी अतिशय देखणा असतो, पण उन्हात उडतो. टिकाऊ हवा तर मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळी), काष्ठौषधींच्या दुकानात मिळते.

साधारण 300 ग्रॅम कोरड्या कापडाचं माप देतो. धुण्याचा सोडा घालून तासभर उकळा, खळ आणि तेलकटपणा निघू द्या. हे टाळलं की डाग-डाग रंग बसतो. मग रंग पक्का धरावा म्हणून मायफळाची पूड 25 ग्रॅम, कोमट पाण्यात कापड रात्रभर. हिरडा वापरला तर पिवळी झाक येते आणि गुलाबीचा नारिंगी होतो. नंतर तुरटी 45 ग्रॅम, पुन्हा रात्रभर. मंजिष्ठेची पूड 75 ग्रॅम भिजवून पहिलं पिवळसर पाणी ओतून टाका, मग त्याच पुडीत स्टीलच्या भांड्यात कापड 60 ते 65 अंशांवर तासभर, सतत हलवत. पाणी 70 च्या वर गेलं की तपकिरी छटा येते. लोखंडी भांडं अजिबात नको. टँकर किंवा बोअरच्या पाण्यात लोह असेल तर गुलाबी काळवंडतो. आधी चिंधीवर बघा.

शिवल्यावर रंगवणार असाल तर शिलाईचा दोराही सुती हवा. पॉलिएस्टरचा दोरा रंग घेत नाही, सगळ्या टिपा पांढऱ्या दिसतात. धुताना रिठा, लिंबू, व्हिनेगर लावू नका, आणि सावलीत वाळवा.

काठपदर:
विकत घेणार असाल तर नुसत्या ‘इको’ चिठ्ठीला अर्थ नाही. खादी मार्क किंवा हँडलूम मार्क बघा. ‘जीओटीएस’ (सेंद्रिय कापडाचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या ‘ऑरगॅनिक’ लेबलला किमान 95 टक्के सेंद्रिय तंतू लागतो.

या ड्रेसचा जीव चुण्यांच्या सावल्यांत आहे. फिकट गुलाबीत प्रत्येक चुणीची कडा गडद आणि माथा उजळ दिसतो, म्हणून छापील कापड नको, साधंच घ्या. वर दुपट्टा घेतला की सगळं झाकलं जातं. लग्नाला गडद हिरव्या खणाचं आखूड जॅकेट, योकच्या शिवणीशीच संपणारं. लांब जॅकेट चुण्यांना मध्येच कापतं. गोल गळ्याला ठुशी आणि कुड्या पुरे. ऑफिसला निळं इक्कत जॅकेट आणि कोल्हापुरी. कमरेला पट्टा मात्र नको, चुण्या त्याखाली गोळा होतात.

बगलेच्या शिवणीत दोन्हीकडे एक-एक इंच माया (शिवणीत दाबलेलं जास्तीचं कापड) ठेवून घ्या, ड्रेस पुढची कित्येक वर्षं उसवून सैल करता येतो.

गुलबक्षी:
अस्तर पांढरंच लावू ना?

धावदोरा:
नको, फिकट गुलाबीखाली पांढरं चमकतं. त्वचेच्या रंगाची मलमल घ्या. आणि ते योकपासून वरच्या थरापर्यंतच, चुण्या न घालता, थोडं घेरदार. खालच्या थराला अस्तर लावलं की चुण्या त्याला चिकटतात आणि ड्रेस चालताना हलत नाही.