मदत हवी आहे: मिरिन-साके न घालता तेरियाकी चिकन, सोबत भात आणि भाज्या

नमस्कार मंडळी,

पुढच्या रविवारी घरी सहा जणांचं जेवण आहे आणि बेत जपानी ठरलाय. तेरियाकी चिकन, पांढरा भात, दोन भाज्या. पाहुण्यांत एक मुस्लिम कुटुंब आहे, त्यांना दारूचा अंशही चालत नाही. आणि तेरियाकीचा रस्सा तर सोय सॉस, मिरिन (स्वयंपाकातली गोड जपानी तांदळाची दारू), साके (तांदळाचीच जपानी दारू) आणि साखर या चारच गोष्टींचा! खऱ्या मिरिनमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. 'शिजवताना उडून जातं' असं कृपया सुचवू नका. चार-पाच मिनिटं आटवून ते पूर्ण जात नाही, आणि मुळात हा त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. चिकन हलाल आणणार आहे, सोय सॉसही हलाल शिक्क्याचाच घेतलाय. मिसोच्या (सूपसाठी लागणाऱ्या आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टच्या) बऱ्याच पाकिटांवर घटकांमध्ये अल्कोहोल लिहिलेलं असतं, म्हणून सूप बेतातून काढलं.

आता रस्सा. एक किलो बोनलेस मांडीच्या तुकड्यांना एरवी सोय सॉस, मिरिन, साके प्रत्येकी ४ मोठे चमचे आणि साखर २ चमचे असं प्रमाण धरतात. मिरिनचा गोडवा भरून काढायला साखर सव्वातीन चमच्यांपर्यंत न्यायची, पातळपणासाठी पाणी आणि चिकनचा वास मारायला आल्याचा रस, असं मनात आहे. पण मिरिनमुळे चिकनवर जी तकाकी येते ती नुसत्या साखरेने येईल का? थोडी साखर कमी करून मध घातला तर चव बदलेल का? लसूण, मिरी, मिरची घालून त्याचं आपलं नेहमीचं चायनीज मला करायचं नाहीये. तेरियाकीची सगळी गंमत त्या मोजक्या चवींत आहे, ती जपायची आहे.

दुसरा प्रश्न कातडीचा. जपानी पद्धतीत कातडीची बाजू आधी कोरड्या तव्यावर ठेवतात, तिची चरबी सुटते, त्यातच तुकडा खरपूस होतो आणि जास्तीची चरबी पुसून मग रस्सा ओततात. आमच्याकडे पुण्यात चिकनवाले सर्रास कातडी काढूनच देतात. आधी सांगून कातडीसकट बोनलेस करून मिळतं का कुठे? नाही मिळालं तर कोरड्या कॉर्नफ्लॉरमध्ये हलकेच घोळवून थोड्या तेलावर भाजेन, म्हणजे रस्सा धरून राहील. हे कुणी केलंय का? आणि एक किलो चिकन एका तव्यावर मावणार नाही. सगळे तुकडे दोन घाण्यांत भाजून शेवटी एकदमच रस्स्यात घोळवावेत, की प्रत्येक घाण्याला वेगळा रस्सा करावा?

भाताबद्दल जरा सविस्तर सांगा. जपानी आखूड दाण्याचा तांदूळ महाग पडतो, म्हणून मावळातला इंद्रायणी घ्यावा म्हणते. चॉपस्टिकने उचलता येईल इतपत तो चिकटतो. पण त्याला स्वतःचा वास असतो, तो सोय सॉसच्या चवीवर कुरघोडी करेल का? जपानी तांदूळ अर्धा तास भिजवून वाटीला सव्वा वाटीहून कमीच पाणी घालतात आणि गॅस बंद केल्यावर दहा मिनिटं झाकण उघडत नाहीत. यंदाचा नवा इंद्रायणी असेल तर तेवढं पाणीही जास्त होऊन भात गिच्च होईल अशी धास्ती वाटते. नवा घ्यावा की जुना? आणि कुकर की जाड बुडाचं पातेलं?

भाज्या सोप्या आहेत. पालक उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, घट्ट पिळून त्याला भाजलेल्या तिळाचा भरड कूट, सोय सॉस आणि साखर लावणार. शिवाय बारीक चिरलेला कच्चा कोबी.

शनिवारी थोड्या चिकनवर रंगीत तालीम करणार आहे, त्यामुळे शुक्रवारपर्यंत उत्तरं आली तर फार उपयोग होईल. ज्यांनी दारू न वापरता तेरियाकी केलंय त्यांनी प्रमाणासकट लिहा, प्लीज.