हिमनग आलेख काय मोजतो?

अव्वल खेळाडूंचे व्यक्तिमत्त्वच वेगळे असते आणि क्रीडा मानसशास्त्रज्ञ मॉर्गन यांचा ‘हिमनग आलेख’ हा त्याचा पुरावा आहे, हे विधान मला पटत नाही. उत्साह सरासरीच्या वर आणि ताण, खिन्नता, राग, थकवा व गोंधळ सरासरीखाली दाखवणारा हा आलेख ज्या प्रश्नावलीतून निघतो, ती गेल्या आठवड्यातील मनःस्थिती विचारते. आयझेंक किंवा कॅटेल हे व्यक्तिमत्त्वाचे अभ्यासक ज्यांना स्थायी गुणविशेष म्हणत, ते ही प्रश्नावली मोजतच नाही. शिवाय राउली या संशोधकाने व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा कामगिरीतील तफावतीचा एक टक्काही भाग या आलेखाने उलगडला नाही.

संघनिवडीसाठी तो वापरणे त्यामुळे अन्यायाचेच ठरेल. सरावाचा अतिरेक वेळीच ओळखायला मात्र, खुद्द मॉर्गन यांनी जलतरणपटूंच्या बाबतीत दाखवल्याप्रमाणे, ही प्रश्नावली उपयोगी पडते.