'व्हिरुलन्स'ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादिका: रक्तातल्या जंतुसंसर्गावरचा लेख मराठीत आणतेय. 'व्हिरुलन्स जीन'पाशी, म्हणजे जंतूचा रोग तीव्र करणाऱ्या जनुकांपाशी, गाडी अडलीय. 'विषारी जनुक' चालेल का? मूळ लॅटिन शब्द विषाचाच आहे.

सूक्ष्मदर्शी: नको, वाचक फसेल. ई. कोलाय या जंतूचंच बघा. रक्तात तो बऱ्याचदा मूत्रमार्गातून शिरतो. पॅप जनुकांमुळे त्याच्या अंगावर जे तंतू येतात, ते मूत्रपिंडाच्या पेशींना घट्ट धरतात. एरोबॅक्टिन हे रसायन शरीराने प्रथिनांत बांधून ठेवलेलं लोह पळवतं. के-१ आवरण असलं की पांढऱ्या पेशींना तो सहजी गिळता येत नाही. यात विष कुठंय? पेशी फोडणारं हिमोलायसिन, तेवढं विष म्हणता येईल. मी 'जहालपणा' लिहीन.

जुना वाचक: जहाल म्हटलं की लाल-बाल-पाल आठवतात हो! 'रोगकारकता' आहे की चांगला शब्द.

सूक्ष्मदर्शी: तो पॅथोजेनिसिटीला लागतो. रोग करतो की नाही, ही रोगकारकता. किती जोरात करतो, हा जहालपणा. ग्रिफिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1928 साली उंदरांवर केलेले प्रयोग आठवा. न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा जंतू) एकच, पण आवरणवाला प्रकार उंदीर मारायचा, बिनआवरणाचा नाही. आवरणवाले मारून बिनआवरणाच्या जिवंत जंतूंबरोबर टोचले, तर उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत आवरणवाले सापडले. जहालपणा असा उसना मिळतो.

लॅबकर: 'जहाल'ला माझं मत. क्लेबसिएला या जंतूची कॉलनी (बशीत वाढलेला ठिपका) लूपने, म्हणजे छोट्या कडीने, उचलली आणि पाकासारखी तार आली, पाच मिलिमीटरपेक्षा लांब, की आम्ही कान टवकारतो. आरएमपी-ए जनुक असेल तर अशी चिकट तार येते. हे जनुक बहुधा प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूच्या मुख्य डीएनएपासून वेगळ्या छोट्या डीएनएवर, असतं. तार आली म्हणजे जंतू जहालच, असं मात्र नाही; खात्री जनुकं तपासूनच. असा जंतू धडधाकट माणसाच्या यकृतातही गळू करतो.

अनुवादिका: मग औषधांना दाद न देणारा जंतूही जहालच ना?

लॅबकर: नाही हो, ही गल्लत तेवढी टाळा. त्याला 'प्रतिरोधी' म्हणा, नाहीतर सरळ 'दाद न देणारा'. तारेचे कित्येक क्लेबसिएला साध्या अँटिबायोटिकनेही मरतात. दोन्ही गुण एकाच जंतूत आले की मात्र डॉक्टरांची झोप उडते.

अनुवादिका: ठीक, 'जहालपणाची जनुकं' लिहिते. 'हायपरव्हिरुलंट'ला 'अतिजहाल'.

जुना वाचक: लिहा. पहिल्यांदा येईल तिथे 'रोगाची तीव्रता वाढवणारी' एवढं जोडा, म्हणजे टिळक मध्ये येणार नाहीत.