मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत हुए, दा नांग, होई आन (दोघंच, पाठीवर सॅक घेऊन)

सई_नाशिक

नमस्कार मंडळी,

दिवाळीला जोडून रजा काढून मी आणि नवरा व्हिएतनामचा मधला पट्टा करायच्या विचारात आहोत. मुंबईहून विमानाने हनोई, तिथून रात्रीच्या रेल्वेने हुए, मग दा नांग, शेवटी होई आन. पाठीवर एकेक सॅक, मुक्काम होस्टेल किंवा घरगुती होमस्टेमध्ये, टूर कंपनी नाही. स्पिती आणि मेघालय आम्ही असंच केलंय, पण देशाबाहेर पहिल्यांदाच निघतोय.

हाच पट्टा का ते आधी सांगते, म्हणजे "त्यापेक्षा हालाँग बे करा" असे सल्ले टळतील. मी शाळेत इतिहास शिकवते. मध्य व्हिएतनाममधल्या चंपा या जुन्या राज्याबद्दल वाचल्यापासून होई आनजवळच्या 'मी सन' या ठिकाणची देवळं माझ्या डोक्यातून जात नाहीत. चौथ्या शतकात भद्रवर्मन राजाने तिथे भद्रेश्वराचं, म्हणजे शिवाचं देऊळ बांधलं. पुढे कित्येक शतकं त्या दरीत विटांची देवळं उभी राहत गेली, संस्कृत शिलालेख कोरले गेले. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत त्यातलं सगळ्यांत मोठं देऊळ कोसळलं. आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे जतनाचं काम हाती घेतलं आणि २०२० साली त्याच कामात नवव्या शतकातलं अखंड शिवलिंग सापडलं. त्याचा फोटो मी वर्गात मुलांना दाखवते. ती जागा मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहे.

नवऱ्याची ओढ वेगळी आहे. त्याला हुए ते दा नांग मोटरसायकलने करायचंय, हाय वान घाटातून. समुद्राला खेटून चढणारा वीसेक किलोमीटरचा रस्ता, माथा जवळजवळ पाचशे मीटरवर. २००५ मध्ये बोगदा झाल्यापासून बहुतेक गाड्या बोगद्यातून जातात, त्यामुळे घाट मोकळा मिळतो असं त्याने वाचलंय. आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढायची त्याची तयारी चालू आहे.

आता अडचणी. हवामानाबद्दल प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलंय. कुणी म्हणतं ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, कुणी म्हणतं जाऊच नका. दुसरं, आपलं परमिट तिथे चालतं का? तिसरं, मी शाकाहारी आहे. अंडं चालतं, पण माशाचा रस्सा, माशाचा सॉस नाही चालत. आणि विमान सोडून दोघांचे मिळून रोजचे चार-साडेचार हजार रुपये पुरतील का? प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. तिकिटं अजून काढलेली नाहीत.

घाटवाट

सईताई, तिकिटं काढली नाहीत हे फार बरं झालं. दिवाळीत हनोई जरूर करा, हुए-होई आन करू नका.

गोंधळ होतो तो "व्हिएतनामचं हवामान" असं एकच समजून लिहिल्यामुळे. उत्तरेत ऑक्टोबर-नोव्हेंबर खरंच सुरेख असतो. मधल्या पट्ट्याचं गणित उलटं आहे. आपल्याकडे नैऋत्येचे वारे सह्याद्रीला आदळतात, कोकण भिजतं आणि माणदेश कोरडा राहतो, तसंच तिथे त्रुओंग सन डोंगररांगेमुळे होतं. आपल्या पावसाळ्यात हुए-दा नांग डोंगराच्या आडोशाला असतं, कोरडं आणि तापलेलं. आपला पाऊस संपला की ईशान्येचे वारे समुद्रावरून थेट त्या किनाऱ्यावर येतात, आणि वादळांचा हंगामही तोच. सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा त्यांचा पावसाळा, त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यांत वाईट. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एकामागून एक वादळं आली आणि सगळा मध्य भाग पाण्याखाली गेला. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीलाही हुए आणि होई आन बुडालं होतं.

होई आनच्या जुन्या वस्तीतल्या एका व्यापाऱ्याच्या घरात आम्ही गेलो होतो. तिथे भिंतीवर प्रत्येक पुराची खूण सालासकट लावून ठेवली आहे, काही खुणा माझ्या डोक्याच्याही वर. छताला लाकडी जाळीचं झाकण, पाणी चढायला लागलं की खालचा माल दोरीने त्यातून वरच्या मजल्यावर ओढून घ्यायचा. थू बोन नदी दर पावसाळ्यात रस्त्यात येणार हे धरूनच ती घरं बांधलेली आहेत. तिथल्या माणसांना ती सवय आहे, पण पहिल्यांदा परदेशी निघालेल्यांनी त्यात अडकू नये असं मला मनापासून वाटतं.

फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यांत चांगला. फक्त तेत, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, टाळा. ते साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात केव्हाही येतं. त्या दिवसांत अख्खा देश गावी निघालेला असतो, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत आणि खानावळी बंद असतात.

किनारा_दूर

मी नोकरीनिमित्त दा नांगला राहते, त्यामुळे मोटरसायकलबद्दल लिहिते. हे वाचून तुमचे मिस्टर नाराज होतील, पण कृपया त्यांना पूर्ण वाचायला द्या.

भारतातलं इंटरनॅशनल परमिट इथे चालत नाही. आपला देश १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार परमिट देतो, व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना करारातलं परमिट मानतो. भाड्याने गाडी देणारे परवाना विचारतच नाहीत, म्हणून सगळ्यांना वाटतं की चालतं. पोलिसांनी अडवलं तर दंडावर सुटका होईलही, पण खरी भीती विम्याची आहे. ग्राह्य परवाना नसताना अपघात झाला की प्रवास विमा हात वर करतो, आणि दवाखान्याचा सगळा खर्च तुमच्या खिशातून. दुसऱ्याला इजा झाली तर त्याहून मोठं प्रकरण. माझ्या ओळखीतल्या एका भारतीय मुलाचा वळणावर वाळूवरून घसरून पाय मोडला. गाडीवाल्याने पासपोर्ट ठेवून घेतला होता, तो नुकसानभरपाईशिवाय देईना. परक्या देशात पाय प्लास्टरमध्ये आणि पासपोर्ट दुसऱ्याच्या खणात, ही वेळ कुणावर येऊ नये.

घाट मात्र सोडू नका. स्थानिक चालकाच्या मागे बसून जाता येतं, त्याला इथे इझी रायडर म्हणतात. दोघांना दोन गाड्या, सॅक मागे बांधून देतात, लांग कोच्या खाडीपाशी आणि माथ्यावरच्या जुन्या दरवाजापाशी थांबतात. भाव आधी ठरवा, हेल्मेट डोक्याला नीट बसतं का बघा. होई आनमध्ये फिरायला सायकल पुरते. पन्नास सीसीच्या आतल्या आणि कमी ताकदीच्या इलेक्ट्रिक गाड्यांना परवाना लागत नाही, पण त्या घाटात नेऊ नका.

माझं मत विचाराल तर रेल्वे घाटापेक्षाही सुंदर आहे. हुए ते दा नांग शंभरेक किलोमीटर, अडीच-तीन तास. रूळ रस्त्याच्या खूप खाली, थेट कड्यावरून जातात. मध्येच बोगदा, मध्येच झाडी, आणि खाली माणूस नसलेल्या वाळूच्या पुळणी, तिथे रस्त्याने पोचताच येत नाही. हुएहून येताना डाव्या बाजूची खिडकी मागा.

पालेभाजी

शाकाहाराबद्दल. पाटीवर सी-एच-ए-वाय अशी चार अक्षरं दिसली की निर्धास्त आत जा, ते पूर्ण शाकाहारी, बौद्ध पद्धतीचं जेवण. हुएला मठांची मोठी परंपरा असल्यामुळे अशा खानावळी भरपूर, होई आन आणि दा नांगलाही मिळतात. भात, दोन-तीन भाज्या, टोफू, सूप असं ताट. साध्या हॉटेलात मात्र फक्त भाजी मागितली तरी त्यात माशाचा सॉस असतो. तिथे "खोंग नुओक माम" (माशाचा सॉस नको) म्हणा, आणि फोनवर व्हिएतनामीत लिहून दाखवा, कारण आपला उच्चार त्यांना कळत नाही.

त्यांच्या चांद्रमहिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच लोक मांसाहार करत नाहीत. म्हणजे आपली अमावास्या-पौर्णिमा, एखाद्या दिवसाच्या फरकाने. त्या दिवशी बाजारात हातगाडीवरही शाकाहारी मिळतं. होई आनची कंदिलांची रात्रही चांद्रमहिन्याच्या चौदाव्या दिवशी असते, जुन्या वस्तीतले विजेचे दिवे मालवतात. कालनिर्णय उघडून पौर्णिमा बघा आणि त्याच्या एक-दोन दिवस आधी होई आनला पोचा.

बजेट पुरेल. रुपयाला साधारण तीनशे डाँग धरा. जेवणाचं ताट चाळीस ते साठ हजार डाँग, होमस्टेची दोघांची खोली हजार-दीड हजार रुपयांत मिळते. एक काळजी घ्या: वीस हजाराची आणि पाच लाखाची, दोन्ही नोटा निळसर आहेत. अंधारात, घाईत चूक होते. पाच लाखाच्या नोटा पाकिटात वेगळ्या कप्प्यात ठेवा. वीस हजाराच्या नोटेवर होई आनचा जुना जपानी पूल आहे, ती खूण लक्षात ठेवली की झालं.

सई_नाशिक

खूप खूप आभार! घाटवाट, तुमचा प्रतिसाद वाचून दिवाळीचा बेत त्याच रात्री रद्द केला. नवऱ्याने परमिटबद्दल दोनदा वाचलं, थोडा वेळ गप्प होता, पण इझी रायडरला तयार आहे.

पण मार्च-एप्रिलमध्ये मला परीक्षा आणि पेपर तपासणी. मोकळी होणार ती थेट मे महिन्यात. मे अगदीच वाईट का? आणि मी सनला एक दिवस पुरतो की तिथेच जवळ राहावं?

किनारा_दूर

मे चालेल. ऊन कडक, पस्तीसच्या वर, पण पाऊस नाही आणि समुद्र शांत. होई आनसमोरच्या चाम बेटांच्या बोटीही चालू असतात, पावसाळ्यात त्या बऱ्याचदा बंद ठेवतात. फक्त ३० एप्रिल आणि १ मे या इथल्या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत. त्या आठवड्यात किनारा खचाखच भरतो, म्हणून त्यानंतर या.

मी सन होई आनपासून चाळीसेक किलोमीटर. एक सकाळ पुरते, पण ती अगदी पहाटेची हवी. टूरच्या बस येण्याआधी पोचलात तर दरीत तुम्ही दोघंच असाल, आणि नऊनंतर विटा तापतात. माझी एक विनंती: मी सनच्या आधी दा नांगचं चाम, म्हणजे चंपा राज्यातल्या, शिल्पांचं संग्रहालय बघा. ते १९१९ पासूनचं आहे. जागेवर मुख्यतः वास्तू उरल्या आहेत, मूर्ती बऱ्याचशा इथे आहेत. मी सनहून आणलेला एक उभा, चार हातांचा गणपती आहे, सोंड हातातल्या वाटीत. महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक पाहुणा मी तिथे नेते आणि प्रत्येक जण त्याच्यासमोर बराच वेळ थांबतो. आधी मूर्ती पाहिल्या की मी सनच्या रिकाम्या गाभाऱ्यांत काय होतं ते डोळ्यांसमोर येतं. उलट क्रमाने केलं तर तेवढं कळत नाही.

पालेभाजी

मे असेल तर बुद्धपौर्णिमेला हुएमध्ये राहता येतंय का बघा. नदीत कमळाच्या आकाराचे मोठे दिवे उभे करतात. त्यांची तारीख चौथ्या चांद्रमहिन्याच्या पौर्णिमेची. बहुतेक वर्षी आपल्याशी जुळते, पण अधिकमास आला की महिनाभर पुढेमागे होऊ शकते, तेव्हा खात्री करून घ्या.

सई_नाशिक

म्हणजे क्रम असा: हनोई, हुए, रेल्वेने किंवा इझी रायडरने दा नांग, संग्रहालय, होई आन, पहाटे मी सन. शेवटचं विचारते, व्हिसा आधी काढायचा की विमानतळावर?

घाटवाट

आधीच, ई-व्हिसा. सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, एकदा प्रवेशाचे २५ डॉलर. हुबेहूब तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं दुप्पट-तिप्पट उकळतात. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून असेल तर अर्जातही तसंच, त्याच क्रमाने भरा. अर्जात प्रवेशाचं ठिकाण विचारतात, तिथे हनोईचा विमानतळ निवडा. निघायच्या तीन आठवडे आधी अर्ज करा, म्हणजे काही दुरुस्ती निघालीच तर वेळ राहतो.