अवेळी करपलेली पानं: तुमच्या दारच्या झाडांचे अनुभव

गोदाकाठी:
काल कॉलेज रोडवर एक करंज पाहिला. ऐन श्रावणात अर्धा तांबूस, वाळकी पानं फांदीलाच लटकलेली. जीव तुटला. पानगळीत झाड स्वतः देठाशी पान सोडतं, पण फांदी झटकन मेली तर पान तिथंच सुकून राहतं. पंचवटीत आमच्या वाड्यातला आंबा असाच एका पावसाळ्यात एका बाजूनं गेला. सगळे म्हणाले, दृष्ट लागली. आजीनं बुंध्याशी पडलेला भुसा दाखवला. भिरूड! आजोबांनी भोकात तार घालून अळी काढली, औषधाचा बोळा कोंबला, वरून चिखल लिंपला. उरलेल्या बाजूच्या कैऱ्यांचं लोणचं पुढे कित्येक वर्षं खाल्लं. तुमच्याकडे काय काय झालंय? लिहा ना.

माहेर_सुरगाणा:
साग!! पावसाळा सरता सरता पेठ-सुरगाण्याकडे जा, डोंगरच्या डोंगर जळाल्यासारखे दिसतात. अळी शिरा सोडून सगळा हिरवा भाग खाते, पानाची नुसती जाळी उरते. झाड मरत नाही, त्या वर्षीची वाढ मात्र खुंटते. लहानपणी ती जाळी वहीत ठेवायचो. पोळ्या करायच्यात, नंतर येते.

बागाईतदार_निफाड:
आमच्याकडे तांबेरा, म्हणजे पानावरची बुरशी. गोडी छाटणीच्या (फळासाठी करतात ती) आधीच द्राक्षाची पानं गळाली की काडीवरचे डोळे अवेळी फुटतात, काडीत अन्नाचा साठा उरत नाही, मग घड कुठून येणार? वडील रोज सकाळी पान उलटून बघायचे. नारिंगी पूड खालच्या बाजूलाच असते. त्यांच्यासारखी नजर परत पाहिली नाही.

कुंडीवाली:
@गोदाकाठी ताई, लोणच्याला मोहरीची डाळ घरी काढता का?
आणि हो, माझ्या कुंडीतल्या लिंबाच्या पानांच्या कडाच तपकिरी व्हायच्या, मधला भाग हिरवा. बोअरचं पाणी, क्षार साठलेले. पावसाचं पाणी भरपूर घातलं, कुंडीखालून वाहू दिलं. नवी पालवी स्वच्छ आली.

गोदाकाठी:
हो, घरीच. जात्यावर भरडते.

इंदिरानगर_७:
आमच्या सोसायटीत बकुळीच्या बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले. मुळांना हवा नाही, पाणी नाही. उन्हाळ्यात शेंडे वाळले, पुढच्या वर्षी निम्मी बकूळ गेली. २०१३ मध्ये हरित लवादानं दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तो आदेश छापून कमिटीला दिला. संताप येतो हो, किती सोसावं झाडानं.

बागाईतदार_निफाड:
दादा, ब्लॉक निघाले का?

इंदिरानगर_७:
दोन ओळी निघाल्या. मी आणि वॉचमनकाकांनी कुदळीनं माती सैल केली, शेणखत घातलं. यंदा बकूळ फुललीय. सकाळी खाली गेलं की मन भरतं.

माहेर_सुरगाणा:
आले परत. बकूळ वाचली, वा! वॉचमनकाकांना नमस्कार सांगा.

नवी_नाशिककर:
सगळं वाचून धास्तावले. आमच्या दारचा कडुलिंब गेल्या आठवड्यापासून तपकिरी पडतोय. महिन्यापूर्वी गटारीसाठी खोदलं होतं. घाबरू का? सासरे रोज त्याच्याखालीच बसतात.

कुंडीवाली:
चर होता त्याच बाजूच्या फांद्या वाळल्यात का? मुळं तुटली असतील तर बऱ्याचदा तीच बाजू आधी वाळते. सगळीकडचे कोवळे शेंडेच वाळले असतील तर बुरशी असू शकते. बुंध्याचा फोटो टाका, पानांचा नको. आणि पाणी बुंध्यात नको, फांद्यांच्या घेराखाली द्या.